वाहनातील माहिती-मनोरंजन प्रणालीसाठी त्रयस्थ ॲपची निर्मिती : चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

मोटारीच्या दर्शनी फलकावरील पडदा आता केवळ रेडिओ वा संगीतापुरता राहिलेला नाही. नकाशा, संदेश, चार्जिंग केंद्रांची माहिती अशा अनेक सेवा या पडद्यावर वाहन-उत्पादकाव्यतिरिक्त इतरांनी तयार केलेल्या ॲपद्वारे उपलब्ध होत आहेत. अशा ॲपची तांत्रिक रचना, तिच्यावरील बंधने व त्या बंधनांमागील कारणे प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहेत. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील रस्ते, नद्या, वन्यजीव आणि भाषा यांचा विचार करता येथे उपयुक्त ठरणारे ॲप कसे असावे, याची मांडणीही केली आहे. या प्रदेशात संकेतलेखनापेक्षा रस्त्यांविषयीची विश्वसनीय स्थानिक माहिती ही अधिक मोठी उणीव असून ती भरून काढण्यास येथील महाविद्यालये समर्थ आहेत, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : माहिती-मनोरंजन प्रणाली, त्रयस्थ विकासक, साचा, ऑफलाइन नकाशा, चालकाचे अवधान, गोंडी, माडिया.

प्रस्तावना

२६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून लोकसंख्या १०,७२,९४२ इतकी आहे. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भूभाग वनाने व्यापलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात एकीकडे कोळसा खाणी, सिमेंट कारखाने व औष्णिक वीज केंद्र आहे, तर दुसरीकडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. अशा प्रदेशात रस्त्यावरील प्रवासाला शहरी प्रवासाहून वेगळा अर्थ प्राप्त होतो. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या वाहनचालकाला पुढील वळणापेक्षा पुढील पुलावर पाणी आहे किंवा नाही, हे कळणे अधिक महत्त्वाचे असते. चंद्रपूर-मूल मार्गावर रात्री जाणाऱ्यास वाहतुकीच्या कोंडीची सूचना नको असते; रस्ता ओलांडणाऱ्या वन्यप्राण्यांची पूर्वसूचना हवी असते.

वाहनातील पडद्यावर दिसणारी ॲप मात्र बहुतांशी महानगरांतील गरजा डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेली आहेत. जलद इंटरनेट सदैव उपलब्ध आहे, रस्त्यांची नावे निश्चित आहेत आणि चालकाला इंग्रजी वा हिंदी समजते, ही त्यांची गृहीतके आहेत. ही तिन्ही गृहीतके दक्षिण गडचिरोलीत अनेकदा कोलमडतात. म्हणून या विषयाचा विचार केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकांनी नव्हे, तर भूगोल, भाषा, प्राणिशास्त्र आणि विधी या विषयांच्या अध्यापकांनीही करणे अगत्याचे आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. वाहनातील माहिती-मनोरंजन प्रणाली व त्रयस्थ ॲप या संकल्पना स्पष्ट करणे.
२. अशा ॲपच्या निर्मितीचे मार्ग व त्यांवरील मर्यादा विशद करणे.
३. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात उपयुक्त ॲपचा आराखडा मांडणे.
४. या कार्यातील महाविद्यालयांची संभाव्य भूमिका निश्चित करणे.

संकल्पना व पार्श्वभूमी

वाहनाच्या दर्शनी फलकात बसविलेला पडदा, त्यामागील संगणक, ध्वनिवर्धक, ध्वनिग्राहक आणि त्यांना चालविणारे सॉफ्टवेअर या सर्वांना मिळून माहिती-मनोरंजन प्रणाली म्हणतात. व्यवहारात तिला इन्फोटेनमेंट सिस्टिम म्हटले जाते. या प्रणालीसाठी वाहन-उत्पादक हा पहिला पक्ष आणि वाहनाचा मालक हा दुसरा पक्ष होय. या दोहोंव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने वा संस्थेने तयार केलेले ॲप ते त्रयस्थ ॲप.

प्रारंभी या प्रणाली पूर्णतः बंदिस्त होत्या. उत्पादकाने जे दिले तेवढेच चालकाला वापरता येत असे. फोर्ड कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने २००७ मध्ये सिंक ही प्रणाली आणली आणि २०१० मध्ये ॲपलिंकद्वारे भ्रमणध्वनीतील काही ॲप वाहनातून आवाजाने चालविण्याची सोय केली. या क्षेत्राला खरे वळण मिळाले ते २०१४ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये ॲपलने कारप्ले सादर केले आणि जूनमध्ये गुगलने अँड्रॉइड ऑटोची घोषणा केली. पुढे २०१७ मध्ये गुगलने अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह ही वाहनातच बसविली जाणारी कार्यप्रणाली जाहीर केली. ती असलेली पोलस्टार २ ही पहिली मोटार २०२० मध्ये बाजारात आली.

या घडामोडींशी महाराष्ट्राचाही निकटचा संबंध आहे. पुणे व चाकण परिसरात वाहन-उत्पादक, वाहनांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्या आणि ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था एकत्र नांदतात. महिंद्रा कंपनीच्या २०२१ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ७०० या वाहनात ॲड्रेनॉक्स प्रणालीबरोबर अलेक्सा ही ॲमेझॉनची आवाजी सहायिका अंतर्भूत होती. म्हणजेच पडद्यामागील सॉफ्टवेअरचा एक मोठा भाग याच राज्यात घडतो. तथापि राज्याच्या पूर्व टोकावरील चालकाच्या गरजा तेथपर्यंत पोहोचतातच असे नाही.

ॲप-निर्मितीचे मार्ग

त्रयस्थ विकासकापुढे स्थूलमानाने तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग प्रक्षेपणाचा आहे. कारप्ले व अँड्रॉइड ऑटो हे याच प्रकारात मोडतात. यात ॲप प्रत्यक्षात चालकाच्या भ्रमणध्वनीवर चालते. भ्रमणध्वनी पडद्याचे चित्र तयार करून ते चलत्‌चित्राच्या स्वरूपात वाहनाकडे पाठवितो आणि चालकाने पडद्याला केलेला स्पर्श वाहनाकडून भ्रमणध्वनीकडे परत येतो. त्यामुळे वाहन जुने असले तरी भ्रमणध्वनीतील ॲप अद्ययावत ठेवता येते. देवनागरी लिपीच्या दृष्टीनेही हा मार्ग सोयीचा आहे. जोडाक्षरांची जुळणी भ्रमणध्वनीवरच होत असल्याने वाहनाच्या संगणकात देवनागरी टंक असण्याची आवश्यकता राहत नाही.

दुसरा मार्ग अंतःस्थापित ॲपचा आहे. अँड्रॉइड ऑटोमोटिव्हसारख्या प्रणालीत ॲप वाहनाच्याच संगणकावर बसविले जाते. वाहनाचा वेग, इंधनाची वा विद्युतघटाची पातळी अशी माहिती ठरावीक परवानगी घेऊन ॲपला वाचता येते. परंतु ब्रेक, सुकाणू वा इंजिन यांना आज्ञा देण्याचा अधिकार त्रयस्थ ॲपला मिळत नाही.

तिसरा मार्ग बाजारातून स्वतंत्रपणे विकत घेऊन बसविलेल्या अँड्रॉइड पडद्यांचा आहे. जुन्या जीप व टॅक्सींमध्ये असे पडदे सर्रास बसविले जातात. त्यांवर भ्रमणध्वनीवरील जवळजवळ कोणतेही ॲप चालते. वाहन धावत असताना चित्रपटही दिसू शकतो. विकासकाला हे स्वातंत्र्य आकर्षक वाटले तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच मार्ग सर्वाधिक धोक्याचा आहे.

मर्यादांमागील कारणमीमांसा

भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये पडदा कसा दिसावा हे विकासक ठरवितो. वाहनातील ॲपमध्ये हे स्वातंत्र्य त्याला नसते. कारप्ले व अँड्रॉइड ऑटो या दोहोंत विकासकाला यादी, जाळी, नकाशा, संदेश अशा तयार साच्यांतून निवड करावी लागते. ॲप केवळ मजकूर पुरविते. तो कोणत्या आकारात आणि कोठे मांडायचा हे मूळ प्रणाली ठरविते. नकाशा रेखाटण्यासाठी मोकळी जागा मार्गदर्शनासारख्या मोजक्याच वर्गांतील ॲपना मिळते. एखादे काम पूर्ण करण्यासाठी ओलांडाव्या लागणाऱ्या पडद्यांची संख्याही मर्यादित असते. अँड्रॉइड ऑटोमध्ये ती सर्वसाधारणपणे पाच आहे. यादीतील ओळींच्या संख्येवरही बंधन असते.

ॲपच्या विषयावरही मर्यादा आहेत. कारप्लेवर अन्य कंपन्यांच्या मार्गदर्शक ॲपना २०१८ मध्ये प्रवेश मिळाला. २०२० मध्ये वाहनतळ व विद्युत चार्जिंग हे विषय आणि २०२२ मध्ये इंधन व वाहनचालनाशी निगडित कामे हे विषय खुले झाले. गुगलनेही २०२० पासून मार्गदर्शन, वाहनतळ व चार्जिंग या विषयांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने इतर विषयांना वाव दिला. खेळ वा वृत्तपत्रवाचन यांना धावत्या वाहनात स्थान नाही.

ही बंधने व्यापारी नियंत्रणासाठी आहेत, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही, कारण प्रवेश कोणाला द्यावा याचा निर्णय दोन बड्या कंपन्यांच्या हाती एकवटला आहे. तरीही बंधनांचे मूळ कारण शारीरिक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहनातील उपकरणावर चालकाची एक नजर दोन सेकंदांहून अधिक काळ खिळू नये आणि एका कामासाठी लागणाऱ्या नजरांची बेरीज बारा सेकंदांपलीकडे जाऊ नये.

साध्या गणिताने याचा अर्थ ध्यानात येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. दोन सेकंदांत ते ३३ मीटर पुढे जाते आणि बारा सेकंदांत २०० मीटर. धोका दिसल्यानंतर प्रतिसादाला दीड सेकंद लागतो असे मानल्यास तेवढ्यात २५ मीटर अंतर जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर आणखी सुमारे २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हेच अंतर ३५ मीटरपर्यंत वाढू शकते. म्हणजे सावध चालकालाही थांबण्यासाठी ४५ ते ६० मीटर लागतात. पडद्याकडे दोन सेकंद पाहणाऱ्या चालकाच्या बाबतीत त्यात ३३ मीटरांची भर पडते. चितळांचा कळप अचानक रस्त्यावर आल्यास प्राणी व प्रवासी या दोघांचाही बचाव या ३३ मीटरांवर अवलंबून असतो.

दुसरे कारण संगणकीय सुरक्षिततेचे आहे. चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी २०१५ मध्ये जीप चेरोकी या मोटारीच्या माहिती-मनोरंजन प्रणालीत इंटरनेटद्वारे दुरून प्रवेश करून वाहनाच्या चालन-यंत्रणेवर परिणाम घडवून दाखविला. त्यानंतर संबंधित कंपनीला अमेरिकेत सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत मागवावी लागली. पडदा आणि ब्रेक यांच्यामध्ये भक्कम भिंत का हवी, हे या घटनेने सिद्ध केले.

वनजिल्ह्यांतील विशेष प्रश्न

१. जाळ्याची अनुपलब्धता

भ्रमणध्वनीचे जाळे आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चिती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. जीपीएस किंवा भारताच्या नाविक प्रणालीचे संकेत उपग्रहाकडून थेट मिळतात. त्यांना मनोऱ्याची गरज नसते. घनदाट वनात जाळे नसतानाही भ्रमणध्वनीला आपले स्थान कळू शकते. त्याच्याजवळ नसतो तो नकाशा, कारण बहुतेक ॲप नकाशा इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने आणतात. यावर उपाय म्हणजे नकाशा आधीच उतरवून ठेवणे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर आधारित ओएसएमअँड व ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप याच पद्धतीने चालतात आणि दोन्ही वाहनातील पडद्यावरही वापरता येतात. मोठ्या कंपनीच्या बाहेर राहूनही वाहनासाठी उपयुक्त ॲप तयार होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

२. नद्या व पावसाळा

वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा या नद्यांनी गडचिरोलीचे दळणवळण घडविले आहे आणि अडविलेही आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा आलापल्लीशी असलेला संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटला आहे. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून विसर्ग वाढला की वैनगंगेच्या काठावरील मार्गांवर त्याचा परिणाम होतो. सर्वसाधारण नकाशात रस्ता म्हणजे वर्षभर खुली असणारी रेषा असते. येथील रस्त्याला मात्र ऋतू असतो. हा ऋतू नकाशात नोंदविला गेला नाही, तर ॲप प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीचे वाहन बुडालेल्या पुलाकडे नेऊ शकते. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना असो वा तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, तेथे पोहोचण्याचा कोणता मार्ग आज चालू आहे, हाच खरा प्रश्न असतो.

३. स्थलनामे

येथील अनेक गावांना दोन नावे आहेत. तालुका देसाईगंज, पण रेल्वेस्थानक व लोकांच्या तोंडचे नाव वडसा. शहर बल्लारपूर, पण स्थानक बल्लारशाह. वृद्ध माणसे आजही चंद्रपूरला चांदा म्हणतात. रोमन लिपीतील नोंदीवरून उच्चार करणारी यंत्रे मूल, एटापल्ली, गोंडपिपरी या नावांचा असा उच्चार करतात की स्थानिक चालकाला तो चटकन उमगत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच स्थळाचे मराठी नाव, पर्यायी नाव व जुने नाव स्वतंत्रपणे नोंदविण्याची सोय आहे. परंतु ही नोंद कोणीतरी करावी लागते.

४. भाषा

या प्रदेशात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली व छत्तीसगढी या भाषा बोलल्या जातात. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची देशातील संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. असे असूनही गोंडीचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झालेला नाही. मसराम गोंडी व गुंजाळा गोंडी या लिपींना युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये स्थान मिळाले. केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये आदिवाणी या भाषांतर-ॲपची प्राथमिक आवृत्ती आणली. तिच्या पहिल्या टप्प्यात गोंडीचा समावेश आहे. ही प्रगती स्वागतार्ह असली तरी वाहनातील सूचनेसाठी यांत्रिक भाषांतराची वाट पाहण्याचे कारण नाही, हे पुढील आराखड्यावरून स्पष्ट होईल.

५. वन्यजीव

ताडोबाचे वाघ प्रकल्पाच्या सीमेत राहत नाहीत. चंद्रपूर-मूल मार्ग ज्या वनातून जातो, तो वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याचाही मार्ग आहे. येथे वेग कमी करण्याची सूचना योग्य वेळी मिळणे प्राण्यांच्या व प्रवाशांच्या दृष्टीने सारखेच मोलाचे आहे.

उपयुक्त ॲपचा आराखडा

उपरोक्त प्रश्नांचा विचार करता या प्रदेशासाठी ॲपची रचना पुढीलप्रमाणे असावी.

प्रथमतः ॲपची माहिती बिंदूंच्या नव्हे, तर पट्ट्यांच्या स्वरूपात असावी. वृक्षांच्या दाट छताखाली स्थाननिश्चितीतील चूक वाढते. त्यामुळे नेमक्या बिंदूपेक्षा ‘या ठिकाणापासून त्या ठिकाणापर्यंत’ अशी नोंद अधिक विश्वसनीय ठरते. प्रत्येक पट्ट्याला प्रकार, दिशा, ऋतू, दिवसाची वेळ आणि शेवटची पडताळणी झाल्याची तारीख जोडलेली असावी. अशी एक नोंद शंभर बाइटमध्ये मावते असे धरल्यास एक हजार नोंदींचा संच सुमारे १०० किलोबाइट होतो. एका छायाचित्राहूनही तो लहान असल्याने अत्यंत क्षीण जाळ्यावरही तो अद्ययावत करता येईल.

द्वितीयतः सूचना अंतरावर नव्हे, तर वेळेवर आधारलेली असावी. धोक्याच्या पट्ट्यापूर्वी पंधरा सेकंद सूचना द्यावयाची झाल्यास ताशी ४० किलोमीटर वेगाला ती सुमारे १६७ मीटर आधी आणि ताशी ८० किलोमीटर वेगाला सुमारे ३३३ मीटर आधी दिली पाहिजे. भ्रमणध्वनीला दर सेकंदाला मिळणारे स्थान व वेग यांवरून हे गणित सहज होते. वाहन त्या पट्ट्याकडे जात आहे की त्यापासून दूर, हेही दिशेवरून तपासावे. अन्यथा निरर्थक सूचनांचा भडिमार होतो आणि चालक ॲप बंद करतो.

तृतीयतः सूचना मुख्यत्वे ध्वनिरूप असावी. गोंडी व माडियासाठी यांत्रिक आवाज तयार करण्याची आवश्यकता नाही. ‘पुढे जनावरे रस्ता ओलांडतात’, ‘पुढील पूल पाण्याखाली जातो’, ‘वेग कमी करा’ अशी वीस वाक्ये त्या भाषेच्या जाणकाराकडून ध्वनिमुद्रित करून घेतली तरी पुरेसे आहे. प्रत्येकी तीन सेकंदांप्रमाणे एक मिनिटाचे हे ध्वनिमुद्रण दर सेकंदाला २४ किलोबिट या दराने सुमारे १८० किलोबाइटमध्ये सामावते. मराठीसाठी भ्रमणध्वनीतील उपलब्ध आवाज इंटरनेटविनाही वापरता येतो. सूचना देतेवेळी चालू असलेले संगीत क्षणभर हळू करण्याची विनंती मूळ प्रणालीकडे करता येते. तिचा अवलंब करावा.

चतुर्थतः आधुनिक पडदा नसलेल्या वाहनांतही ॲप चालले पाहिजे. प्रवासी जीप वा जुन्या वाहनात भ्रमणध्वनीच्या ध्वनिवर्धकावरून वा ब्लूटूथवरून तीच सूचना ऐकू यावी. पडदा असेल तेथे केवळ एक ओळ व एक चिन्ह दाखवावे.

पाचवी बाब सर्वाधिक महत्त्वाची आहे. जुनी माहिती नवी म्हणून सांगू नये. पुलाविषयीच्या प्रत्येक सूचनेसोबत पडताळणीची तारीख असावी आणि ठरावीक काळानंतर ॲपने ‘रस्ता खुला आहे’ असे म्हणणे थांबवून ‘खात्री नाही’ असे म्हणावे. पावसाळ्यातील चुकीचे आश्वासन मौनापेक्षा घातक असते.

असे ॲप स्वतंत्रपणे तयार करून मंजुरी मिळविण्यात वेळ व खर्च होतो. त्याहून सुलभ पर्याय म्हणजे पट्ट्यांची माहिती ओपनस्ट्रीटमॅपच्या प्रचलित चिन्हांकनांनुसार नोंदविणे. वन्यप्राण्यांच्या मार्गांसाठी आणि रस्त्यावरून पाणी वाहणाऱ्या उतारांसाठी त्यात स्वतंत्र चिन्हांकने उपलब्ध आहेत. एकदा नोंद झाली की तो नकाशा वापरणाऱ्या कोणत्याही ॲपला ती घेता येते. मात्र रोज बदलणारी पूरस्थिती अशा स्थायी नकाशात नोंदविणे उचित नाही. तिच्यासाठी स्वतंत्र संच ठेवावा.

विधिविषयक व नैतिक बाबी

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाहन चालविताना हातातील संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला गेला आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमदुरुस्तीनुसार, चालकाची एकाग्रता न भंगता केवळ मार्गदर्शनासाठी असे साधन वापरण्यास मुभा आहे. धावत्या वाहनात चालकाने काही टंकलिखित करावे अशी अपेक्षा कोणत्याही ॲपने ठेवू नये. नोंदी प्रवास संपल्यावर वा सहप्रवाशाकडून घेतल्या जाव्यात.

नकाशांविषयी केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून भारतीय व्यक्ती व संस्थांना पूर्वपरवानगीविना भूस्थानिक माहिती संकलित करण्याची मोकळीक दिली. एक मीटरपेक्षा सूक्ष्म आडव्या अचूकतेच्या माहितीवर अधिक बंधने आहेत. भ्रमणध्वनीची अचूकता सामान्यतः काही मीटरांची असल्याने विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी त्या मर्यादेत येत नाहीत. तथापि संवेदनशील आस्थापनांविषयीचे निर्बंध पाळणे अनिवार्य आहे.

नैतिक प्रश्न याहून नाजूक आहेत. वाघ आज कोठे दिसला हे ॲपने सांगू लागल्यास शिकारी व अतिउत्साही पर्यटक दोघांनाही ते आयते निमंत्रण ठरेल. म्हणून ॲपने रस्त्याचा धोक्याचा पट्टा सांगावा. प्राण्याचे ठिकाण सांगू नये. तसेच दीर्घकाळ नक्षल हिंसेची झळ सोसलेल्या जिल्ह्यात कोणते वाहन केव्हा कोठे गेले याचा संग्रह करणे नागरिकांच्या जिवावर बेतू शकते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये अधिनियम संमत झाला आहे. परंतु येथे कायद्याच्या पलीकडे जाऊन वाहनाचे स्थान भ्रमणध्वनीबाहेर जाणारच नाही अशी रचना करणे श्रेयस्कर होय. पूर्वोक्त आराखड्यात सारे गणित भ्रमणध्वनीतच होत असल्याने हे सहज शक्य आहे.

महाविद्यालयांची भूमिका

वाहनासाठी ॲप तयार करण्यास मोटार जवळ असणे आवश्यक नाही. गुगलचे डेस्कटॉप हेड युनिट हे साधन संगणकावरच वाहनाच्या पडद्याची प्रतिकृती उभी करते आणि ॲपलही कारप्लेसाठी असे साधन पुरविते. गुगलच्या भांडारात विकासक म्हणून नोंदणीचे शुल्क एकदाच २५ डॉलर, तर ॲपलचे वार्षिक ९९ डॉलर आहे. म्हणून मर्यादित साधनांच्या महाविद्यालयाने अँड्रॉइडपासून आरंभ करणे व्यवहार्य ठरते.

२०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र हेच दोन जिल्हे आहेत. चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संकेतलेखन अभियांत्रिकीचे विद्यार्थी करतील. पण ते या कामाचा लहानसा भाग आहे. कोणत्या पुलावरून पाणी जाते याची नोंद भूगोलाचे विद्यार्थी करू शकतात, कारण त्यांतील अनेक जण त्याच पुलावरून महाविद्यालयात येतात. प्राण्यांच्या वावराचे पट्टे प्राणिशास्त्र विभागाला वनविभागाच्या सल्ल्याने ठरविता येतील. गोंडी व माडिया वाक्यांची निवड आणि ध्वनिमुद्रण भाषा विभाग करू शकतो. त्यासाठी त्या भाषा घरी बोलणारे विद्यार्थी वर्गातच आहेत. पाड्यांची व टोल्यांची नावे ग्रामसभेत वाचून निश्चित करता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पडताळणी झाल्यास माहिती जिवंत राहील.

या कार्याच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. जेथे रस्ताच नाही आणि रुग्णाला खाटेवरून आणावे लागते, तेथे ॲपचा उपयोग नाही. ते रस्त्याला, पुलाला वा रुग्णवाहिकेला पर्याय होऊ शकत नाही. ज्या रस्त्यावर वाहन निघालेले आहे त्याला वेळेवर सावध करणे, एवढेच त्याचे कार्य आहे.

निष्कर्ष

१. वाहनातील पडद्यासाठी त्रयस्थ ॲपवर असलेली बंधने मुख्यतः चालकाच्या अवधानाच्या व वाहनाच्या सुरक्षिततेच्या गरजेतून आलेली आहेत. वनप्रदेशातील रस्त्यांवर त्यांचे महत्त्व अधिक वाढते.
२. प्रक्षेपणाचा मार्ग कमी खर्चाचा, देवनागरीस अनुकूल व जुन्या वाहनांसही उपयोगी असल्याने या जिल्ह्यांसाठी तो प्राधान्याने स्वीकारावा.
३. येथील ॲप इंटरनेटविना चालणारे, ऐकविणारे आणि माहितीची तारीख सांगणारे असावे.
४. प्राण्यांचे ठिकाण व वाहनांची हालचाल यांचा संग्रह वा प्रसार करू नये.
५. स्थलनामे, ऋतुमान आणि धोक्याचे पट्टे यांची स्थानिक माहिती हा अशा ॲपचा खरा गाभा असून तिचे संकलन बहुविद्याशाखीय सहकार्यानेच शक्य आहे.

पुण्यातील वा परदेशातील विकासकाला पर्लकोटेच्या पुलाची अवस्था कळण्याचा मार्ग नाही. भामरागडहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला ती ठाऊक असते. त्याचे हे ज्ञान पडताळून, नोंदवून रस्त्यावरील चालकापर्यंत पोहोचविणे हे या परिसरातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्याचा आरंभ पुढील पावसाळ्यापूर्वी करता येण्याजोगा आहे.